१९६९ ची कॅमारो : झेड/२८ घ्यावी की एसएस ३९६? तुलना आणि पडताळणीसाठी मार्गदर्शक

शेवरोले कॅमारो या अमेरिकी मोटारीची पहिली पिढी १९६७ ते १९६९ अशी तीनच वर्षे चालली. तिच्यातील शेवटच्या, म्हणजे १९६९ च्या मॉडेलला अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही मोठी मागणी आहे. त्या वर्षी एकूण २,४३,०८५ कॅमारो तयार झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य गाड्या सहा सिलिंडरच्या किंवा साध्या व्ही-८ इंजिनाच्या, रोजच्या वापराच्या होत्या. आज विक्रीला येणाऱ्या गाड्या पाहिल्या, तर मात्र झेड/२८ किंवा एसएस (सुपर स्पोर्ट) या वेगवान आवृत्त्यांचे बिल्ले लावलेल्या गाड्यांचीच गर्दी दिसते. बिल्ले नवे मिळतात, पट्टे नव्याने रंगवता येतात, आणि साध्या कॅमारोची किंमत त्यामुळे कित्येक पटींनी वाढते. म्हणून या दोन आवृत्त्यांची तुलना करताना ‘कोणती चांगली’ या प्रश्नाइतकाच ‘समोरची गाडी खरोखर तीच आहे का’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

अशी गाडी शोधून, तपासून घेण्याची ही संपूर्ण प्रक्रिया मी मिशिगन राज्यात केली. डेट्रॉइटच्या परिसरात वाहन उद्योगात काम करणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा जो मेळा भरतो, तो पाहून अशी एखादी गाडी आपल्याही दारात असावी असे वाटणारे त्यांच्यात कमी नाहीत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. १९६९ च्या झेड/२८ चा साचा एकच होता : एक इंजिन, फक्त हाताने बदलायचे चार गिअर, फक्त बंद छत. एसएसचे तसे नव्हते. तिच्यात अनेक इंजिने, अनेक गिअरबॉक्स आणि दोन प्रकारची बॉडी मिळत असे. त्यामुळे खोटी झेड/२८ पकडणे तुलनेने सोपे जाते, आणि खरी एसएस ३९६ सिद्ध करणे तुलनेने अवघड जाते.

१. दोन्ही गाड्या कशासाठी जन्मल्या, ते समजून घ्या

झेड/२८ ही शर्यतीच्या नियमातून जन्मलेली गाडी आहे. अमेरिकेतील ट्रान्स-ॲम शर्यतींमध्ये इंजिनाच्या आकाराला ३०५ घन इंचांची मर्यादा होती. शेवरोलेमधील अभियंते व्हिन्स पिगिन्स यांनी त्या मर्यादेत बसेल अशी कॅमारो तयार करण्याचा आग्रह धरला. ३२७ घन इंचांच्या इंजिनाचा ४ इंच व्यासाचा सिलिंडर आणि २८३ घन इंचांच्या इंजिनाचा ३ इंचांचा स्ट्रोक एकत्र आणून ३०२ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ४.९ लिटरचे इंजिन बनवण्यात आले. ‘झेड २८’ हे मुळात मागणीपत्रावरील पर्यायाचे सांकेतिक नाव होते आणि तेच पुढे गाडीचे नाव झाले. १९६७ साली अशा अवघ्या ६०२ गाड्या निघाल्या. मात्र रॉजर पेन्स्की यांच्या संघाकडून मार्क डोनह्यू यांनी १९६८ आणि १९६९ अशी सलग दोन वर्षे ट्रान्स-ॲममध्ये बाजी मारली आणि १९६९ मध्ये झेड/२८ ची संख्या वीस हजारांच्या वर गेली.

एसएस ३९६ चा उद्देश अगदी वेगळा होता. लहान गाडीत मोठे इंजिन बसवून सिग्नलपासून सिग्नलपर्यंत आणि पाव मैलाच्या सरळ पट्टीवर वेग गाठायचा, हे तिचे काम. ३९६ घन इंच म्हणजे सुमारे ६.५ लिटर. हे ‘बिग ब्लॉक’ जातीचे इंजिन ३०२ पेक्षा शंभराहून अधिक पौंडांनी जड आहे आणि ते सगळे वजन पुढच्या चाकांवर येते.

एक सापळा इथेच लक्षात ठेवा. कारखान्यातून एसएस आणि झेड/२८ हे दोन्ही पर्याय एकाच गाडीवर कधीच मिळत नसत. आरएस नावाचा, झाकलेल्या दिव्यांचा पर्याय मात्र दोघींवरही घेता येत असे. म्हणून ‘आरएस झेड/२८’ किंवा ‘आरएस एसएस’ असे वर्णन बरोबर असू शकते. ‘एसएस झेड/२८’ असे लिहिलेली जाहिरात दिसली, तर विक्रेत्याला स्वतःच्या गाडीची माहिती नाही किंवा तो माहिती दडवत आहे, यांपैकी एक गोष्ट नक्की समजावी.

२. इंजिनांचे आकडे जसेच्या तसे वाचू नका

कागदावर झेड/२८ चे इंजिन मिनिटाला ५,८०० फेऱ्यांना २९० अश्वशक्तीचे आहे, आणि एसएसमधील ३९६ चे आकडे ३२५, ३५० व ३७५ असे आहेत. एवढेच वाचले, तर तुलना संपल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात २९० हा आकडा मुद्दाम कमी दाखवलेला होता, आणि इंजिन मोकळेपणाने फिरू लागले की त्याची खरी शक्ती बरीच अधिक असते, असे जाणकारांचे सर्वसाधारण मत आहे. शिवाय त्या काळची अश्वशक्ती इंजिन बाकावर ठेवून, त्याची जोडउपकरणे काढून मोजलेली असे. आजच्या गाड्यांच्या आकड्यांशी तिची तुलना करू नये.

खरा फरक टॉर्कमध्ये, म्हणजे चाके फिरवणाऱ्या जोरात आहे. ३०२ चा टॉर्क २९० पौंड-फूट असून तो ४,२०० फेऱ्यांना मिळतो. ३९६ च्या सौम्य आवृत्तीलाही ४१० पौंड-फूट टॉर्क ३,२०० फेऱ्यांनाच मिळतो. याचा अर्थ असा, की झेड/२८ खालच्या फेऱ्यांत काहीशी मलूल वाटते, चढावर किंवा गर्दीत सतत गिअर बदलावे लागतात, आणि चार हजारांच्या पुढे मात्र ती एकदम जिवंत होते. एसएस ३९६ मध्ये पाय हलकेच दाबला, तरी गाडी पुढे झेपावते.

३९६ च्याही चार आवृत्त्या होत्या आणि त्यांतील फरक फार मोठा आहे. एल३५ हे ३२५ अश्वशक्तीचे आणि एल३४ हे ३५० अश्वशक्तीचे इंजिन. दोन्हींत हायड्रॉलिक टॅपेट (झडपा उघडणारे, स्वतःची फट तेलाच्या दाबाने आपोआप राखणारे भाग) आहेत, ती शांतपणे चालतात आणि त्यांची देखभाल सोपी आहे. एल७८ हे ३७५ अश्वशक्तीचे, सॉलिड टॅपेटचे, होली कार्ब्युरेटरचे आणि ११:१ कॉम्प्रेशनचे इंजिन स्वभावाने झेड/२८ च्या इंजिनाचे थोरले भावंड म्हणावे असे आहे. एल८९ म्हणजे तेच इंजिन, पण ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडसह. १९६९ मध्ये ते अवघ्या ३११ कॅमारोंमध्ये बसवले गेले. म्हणून ‘एसएस ३९६’ एवढेच ऐकून किंमत ठरवू नका. कोणते ३९६, हा पहिला प्रश्न असला पाहिजे. एसएसचे मूळ इंजिन तर ३५० घन इंचांचे, ३०० अश्वशक्तीचे एल४८ हे होते आणि बहुतेक एसएस गाड्यांत तेच होते. एसएस ३५० मध्ये नंतर ३९६ बसवून ‘मूळची एसएस ३९६’ म्हणून विकणे हा या बाजारातील सर्वांत जुना प्रकार आहे.

४२७ घन इंचांच्या कोपो (डीलरमार्फत खास मागणीने बनवलेल्या) गाड्या आणि त्यांच्यातील झेडएल१ यांच्या वाटेला नवख्या माणसाने जाऊच नये. झेडएल१ एकूण ६९ निघाल्या आणि त्यांचे व्यवहार वेगळ्याच पातळीवर होतात.

३. आपण गाडी कशी चालवणार, हे आधी ठरवा

वळणावळणाचे रस्ते, हाताने गिअर बदलण्याची आवड आणि इंजिनाच्या चढत्या आवाजाचा आनंद तुम्हाला हवा असेल, तर झेड/२८ घ्यावी. तिचे पुढचे टोक हलके असल्यामुळे ती वळणात अधिक विश्वासाने शिरते. कुटुंबासह रविवारी फिरायला जायचे असेल, घरातील दुसऱ्या कोणी गाडी चालवण्याची शक्यता असेल, किंवा गुडघ्याला जड क्लच सोसत नसेल, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, एल३५ इंजिनाची एसएस ३९६ अधिक सुखाची आहे. १९६९ च्या झेड/२८ मध्ये ऑटोमॅटिक गिअर, कारखान्यातले एअर कंडिशनिंग आणि उघडे छत यांपैकी काहीच मिळत नव्हते.

देखभालीचाही विचार याच टप्प्यावर करावा. झेड/२८ च्या सॉलिड टॅपेटमधील फट ठरावीक काळाने मोजून ०.०३० इंचांवर आणावी लागते. एल७८ लाही असेच काम लागते, फक्त मापे वेगळी आहेत. ११:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनांना त्या काळी शिसे मिसळलेले उच्च ऑक्टेन पेट्रोल मिळत असे. आज मिशिगनमध्ये पंपावर ९३ ऑक्टेन मिळते, तर कॅलिफोर्नियात बहुतेक पंपांवर ९१ च्या वर काही मिळत नाही. तिथे राहणाऱ्यांनी इंजिनाचे टायमिंग थोडे मागे घेणे किंवा ऑक्टेन वाढवणारे द्रव्य मिसळणे गृहीत धरावे. माझे स्वतःचे मत असे आहे, की पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याने एल७८ आणि झेड/२८ या दोहोंपेक्षा एल३५ किंवा एल३४ चा गांभीर्याने विचार करावा.

४. पाहणीपूर्वी पुढील साधने आणि कागद जमवा

साधने : प्रखर बॅटरी, लांब दांड्याचा छोटा आरसा, मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक, ग्रीस काढणारा द्रव आणि चिंध्या, जवळून फोटो काढता येईल असा मोबाइल, अंगाखाली घालायला जुनी चादर. गाडी लिफ्टवर चढवून पाहण्याची सोय असलेले जवळचे गॅरेजही आधीच ठरवून ठेवावे.

विक्रेत्याकडे मागायचे कागद : मालकीचे टायटल, मूळ विंडो स्टिकर किंवा विक्रेत्या डीलरचे बिल, प्रोटेक्ट-ओ-प्लेट (वॉरंटीची धातूची पट्टी), बिल्ड शीट (गाडी जुळवताना कारखान्यात वापरलेला पर्यायांचा कागद), जुन्या मालकांची नोंदणीपत्रे, दुरुस्तीची बिले आणि पुनर्बांधणी झाली असल्यास तिचे फोटो. हे सगळे कुणाकडेच नसते. मात्र काय आहे आणि काय नाही, हे फोनवरच स्पष्ट विचारावे आणि असलेल्या कागदांचे फोटो प्रवासाला निघण्याआधी मागवून घ्यावेत. फोटो पाठवायला टाळाटाळ करणाऱ्याकडे जाण्यात वेळ घालवू नये.

५. व्हीआयएन वाचा, पण त्याच्याकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नका

१९६९ च्या कॅमारोचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, तेरा अक्षर-अंकांचा असून तो चालकाच्या बाजूला डॅशबोर्डवर, पुढच्या काचेतून दिसतो. १२४३७९एन५००००१ असे त्याचे रूप असते. पहिला १ म्हणजे शेवरोले, २४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कॅमारो, ३७ म्हणजे बंद छत, ९ म्हणजे १९६९ चे मॉडेल. त्यानंतरचे इंग्रजी अक्षर कारखान्याचे असते : ‘एन’ म्हणजे ओहायोतील नॉरवुड, ‘एल’ म्हणजे लॉस एंजेलिसजवळचा व्हॅन नाइज. शेवटचे सहा अंक हा अनुक्रमांक.

आवृत्तीबद्दल या क्रमांकावरून दोनच गोष्टी नक्की कळतात. २४ च्या जागी २३ असेल, तर गाडी सहा सिलिंडरची होती. ती झेड/२८ ही नाही आणि एसएसही नाही. ३७ च्या जागी ६७ असेल, तर ती उघड्या छताची आहे आणि म्हणून १९६९ ची झेड/२८ असूच शकत नाही. याच्या पलीकडे व्हीआयएन आवृत्तीबद्दल काहीही सांगत नाही. ‘व्हीआयएनवरून ही खरी एसएस आहे’ असे कोणी ठामपणे सांगितले, तर ते विधान चुकीचे आहे, मग सांगणारा कितीही अनुभवी असो.

व्हीआयएनची पट्टी डॅशबोर्डवर बसवणारे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारख्या आकाराचे असतात. ते नसतील, त्यांच्याभोवती ओरखडे असतील किंवा पट्टी किंचित वाकलेली असेल, तर तिथेच थांबावे. व्हीआयएनमध्ये फेरफार करणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशी गाडी जप्त झाली, तर नुकसान शेवटच्या खरेदीदाराचे होते. व्हीआयएनचा काही भाग बॉडीवर काउलच्या (पुढच्या काचेखालच्या भागाच्या) जाळीखाली आणि हीटरच्या पेटीमागे लपलेल्या जागीही ठोकलेला असतो. मोठी रक्कम गुंतत असेल, तर तो पाहू देण्याची अट घालावी. १९६९ च्या कॅमारोची संपूर्ण नवी बॉडी आज बाजारात विकत मिळते, त्यामुळे ही तपासणी अनावश्यक समजू नये.

६. काउल टॅगवरील खुणा

इंजिनाच्या खोलीत, चालकाच्या बाजूला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) वरच्या भागावर एक छोटी धातूची पट्टी असते; तिलाच काउल टॅग म्हणतात. तिच्यावर बॉडीचा प्रकार, कारखाना, आतील सजावटीचा आणि रंगाचा क्रमांक व बॉडी तयार झाल्याचा आठवडा असतो. उदाहरणार्थ, ७२ म्हणजे ‘हगर ऑरेंज’ हा प्रसिद्ध नारिंगी रंग, ७१ म्हणजे ‘ले मान्स ब्लू’. ‘०२सी’ म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा.

नॉरवुडच्या गाड्यांवर १९६८ च्या अखेरीपासून एक फार उपयोगी खूण दिसते. एक्स३३ किंवा एक्स७७ असेल, तर गाडी झेड/२८ म्हणून तयार झाली. एक्स२२ किंवा एक्स६६ असेल, तर ती एसएस ३९६ म्हणून तयार झाली. एक्स११ मात्र संदिग्ध आहे. ती बाह्य सजावटीच्या पर्यायाची खूण असून एसएस ३५० वरही असे आणि अगदी साध्या इंजिनाच्या गाडीवरही असे. ‘एक्स११ म्हणजे एसएस’ हा समज सर्रास पसरलेला आहे आणि त्याच्यावर विसंबून बरीच फसवणूक होते. एक्स४४ असलेली गाडी साधी होती. व्हॅन नाइजच्या पट्ट्यांवर या एक्स खुणा नसतात, म्हणून कॅलिफोर्नियात तयार झालेल्या गाडीसाठी तुम्हाला इंजिन आणि कागद यांच्यावरच भिस्त ठेवावी लागेल.

दोन गोष्टींमुळे नवख्यांचा गोंधळ होतो. पहिली, पट्टीवरील बॉडी क्रमांक आणि व्हीआयएनचा अनुक्रमांक यांचा संबंध नसतो; ते जुळत नाहीत म्हणून घाबरू नये. दुसरी, १९७० चे मॉडेल लांबल्यामुळे १९६९ ची कॅमारो १९६८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून थेट नोव्हेंबर १९६९ पर्यंत तयार होत राहिली. त्यामुळे पट्टीवर १० हा महिना असेल, तर तो १९६८ चा ऑक्टोबरही असू शकतो आणि १९६९ चाही. अनुक्रमांक ५००००१ च्या जवळचा आहे की बराच पुढचा आहे, हे पाहून त्याचा निकाल लावावा. हुबेहूब नव्या पट्ट्याही मिळतात, म्हणून ही पट्टी एकटी पुरावा म्हणून कधीच धरू नये.

७. इंजिनावरील ठसे : सर्वांत अधिक वेळ इथे द्या

ब्लॉकच्या (इंजिनाच्या ओतीव मुख्य भागाच्या) पुढच्या बाजूला, प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या अगदी समोर एक लहान सपाट जागा असते. ती बहुधा तेलकट मळाने झाकलेली असते. ती द्रवाने स्वच्छ करावी. तारेचा ब्रश किंवा सँडपेपर कधीही वापरू नये, कारण त्यामुळे पुरावाच पुसला जातो. तिथे व्ही०२१०डीझेड अशा रूपाचा ठसा सापडेल. ‘व्ही’ म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०२१० म्हणजे १० फेब्रुवारी, आणि ‘डीझेड’ ही १९६९ च्या ३०२ इंजिनाची खूण. ३९६ चा ठसा ‘टी’ या अक्षराने सुरू होतो, कारण बिग ब्लॉक न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा येथे तयार होत. एल७८ आणि चार गिअर अशा जोडीला ‘जेएच’ ही खूण असते.

याशिवाय गाडीच्या व्हीआयएनचा भाग १९एन५१२३४५ अशा रूपात इंजिनावर वेगळा ठोकलेला असतो. तो त्याच सपाट जागेवर किंवा, काही गाड्यांत, तेलाच्या फिल्टरजवळ असतो. हे अंक डॅशबोर्डवरील अंकांशी जुळले, तरच इंजिन ‘मूळचे’ म्हणता येते.

ठसे खोटे आहेत का, हे ओळखण्यासाठी अक्षरांपेक्षा त्यांच्याखालचा पृष्ठभाग पाहावा. कारखान्यात ब्लॉक यंत्रावर सपाट करताना बारीक समांतर रेघा उमटतात आणि ठसा त्यांच्यावर ठोकलेला असतो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल, रेघा आडव्यातिडव्या असतील किंवा ठशाभोवतीच घासल्याची खूण असेल, तर जुना ठसा काढून नवा ठोकल्याची शक्यता धरावी. ब्लॉकची दुरुस्ती करताना वरचा पृष्ठभाग प्रामाणिकपणे घासला गेला असेल, तरीही हे घडते. अशा वेळी विक्रेत्याला दोष देऊ नये. मात्र मूळ इंजिनाचा भावही देऊ नये.

यानंतर ओतीव तारीख शोधावी. स्मॉल ब्लॉकवर (३०२ आणि ३५० इंजिनांवर) ती मागे, गिअरबॉक्स जिथे जोडला जातो त्या कडेवर असते, आणि बिग ब्लॉकवर प्रवाशाच्या बाजूला असते. तिच्यात जानेवारीसाठी ‘ए’ ते डिसेंबरसाठी ‘एल’ असे ओळीने अक्षर, मग दिवस आणि शेवटी वर्षाचा एकच अंक असतो. ठशात वर्ष नसते आणि ओतीव तारखेत असते, म्हणून ही तारीख अमूल्य आहे. आधी ब्लॉक ओतला जातो, मग इंजिन जुळवले जाते, मग ते गाडीत बसते. या तीन तारखा याच क्रमाने आल्या पाहिजेत आणि त्यांच्यात साधारणतः काही आठवड्यांचे अंतर असले पाहिजे. मार्चमध्ये तयार झालेल्या गाडीत एप्रिलमध्ये ओतलेला ब्लॉक असेल, तर पुढे काहीही बोलण्याची गरज उरत नाही.

झेड/२८ बाबत एक खास धोका आहे. १९६९ च्या ३०२ चा ब्लॉक चार बोल्टच्या मुख्य बेअरिंगचा होता आणि ३९७००१० हा त्यावरील एक ओतीव क्रमांक ३५० घन इंचांच्या इंजिनांवर पुढे अनेक वर्षे वापरला गेला. म्हणजे बाहेरून तोच ब्लॉक, तोच क्रमांक, आणि आत ३५० चा क्रँकशाफ्ट असू शकतो. शर्यतींच्या तांत्रिक तपासनिसांकडे इंजिन न उघडता एका सिलिंडरचे घनमाप मोजण्याचे उपकरण असते. ३०२ मध्ये ते सुमारे ३७.७ घन इंच येते आणि ३५० मध्ये सुमारे ४३.७. मोठ्या रकमेच्या व्यवहारात हा खर्च करणे रास्त आहे.

८. गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, चाके आणि ब्रेक

चार गिअरच्या मन्सी गिअरबॉक्सवर ‘पी’, वर्षाचा अंक, महिन्याचे अक्षर, दिवस आणि शेवटी ए, बी किंवा सी असा ठसा असतो. ही शेवटची अक्षरे अनुक्रमे एम२०, एम२१ आणि एम२२ हे गिअरबॉक्सचे प्रकार दर्शवतात. इथे महिन्यांची अक्षरे ओळीने येत नाहीत, हे ध्यानात ठेवा : जानेवारी ते मे ए ते ई अशी आहेत, पण जूनसाठी एच, जुलैसाठी के आणि ऑगस्टसाठी एम आहे. ब्लॉकची पद्धत इथे लावली, तर खऱ्या गिअरबॉक्सलाही तुम्ही खोटा ठरवाल. व्हीआयएनचा भाग यावरही असतो.

मागचा ॲक्सल दोन्ही गाड्यांत बारा बोल्टचा असला पाहिजे. झेड/२८ मध्ये ३.७३ हे गुणोत्तर प्रमाण होते. पुढचे डिस्क ब्रेक मात्र दोघींवरही होते, म्हणून ते पाहून काही सिद्ध होत नाही. झेड/२८ ची चाके १५ इंच व्यासाची आणि ७ इंच रुंद, तर एसएसची १४ इंचांची. चाके बदलणे सोपे असल्याने याला फारसे वजन देऊ नये.

९. पत्रा आणि गंज

मिशिगन, ओहायो, न्यू जर्सी अशा राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते या गाड्या आतून खाते. पुढच्या आणि मागच्या काचेभोवतीची खोबण, काउलच्या जाळीखालचा भाग, पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, मागच्या चाकांभोवतीचे पत्रे आणि पुढच्या सबफ्रेमचे बॉडीला जोडणारे सांधे या जागा एकेक करून पाहा. लोहचुंबक जिथे चिकटत नाही, तिथे पुट्टीचा जाड थर आहे. चकचकीत रंगाने कोणाचेही मन भुलते. मी तर सुचवेन, की पहिली पाहणी पूर्णपणे गाडीच्या खालूनच करावी. इंजिन पुन्हा बांधता येते, ॲक्सल बदलता येतो, पण कुजलेली बॉडी सरळ करणे हे सर्वांत महागडे काम आहे.

१०. कागदपत्रांचे वजन

जनरल मोटर्सकडे अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९६९ च्या कॅमारोंच्या पर्यायांची नोंद उपलब्ध नाही. कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांची नोंद मात्र जीएम कॅनडाच्या व्हिंटेज सेवेकडून शुल्क भरून मिळते आणि ती अत्यंत विश्वसनीय आहे. अमेरिकेतील गाडीसाठी एनसीआरएस (नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटी) ही संस्था पाठवणीचा अहवाल देते. त्यातून उत्पादनाची तारीख आणि गाडी कोणत्या डीलरकडे गेली, हे कळते; गाडी एसएस होती की झेड/२८, हे कळत नाही.

म्हणून मूळ कागद मोलाचे ठरतात. प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही वॉरंटीच्या पुस्तिकेत लावलेली छोटी धातूची पट्टी. तिच्यावर व्हीआयएन, इंजिनाची खूण, गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांची माहिती उमटवलेली असते. नॉरवुडच्या गाड्यांत बिल्ड शीट कधीकधी पेट्रोलच्या टाकीच्या वर चिकटलेली सापडते. या दोहोंच्याही नकला तयार होतात, त्यामुळे कागदावरील खुणा आणि लोखंडावरील ठसे यांची सांगड घालूनच निष्कर्ष काढावा. एसएस ३९६ घेताना हे कागद झेड/२८ पेक्षा अधिक आग्रहाने मागावेत. झेड/२८ मध्ये ‘डीझेड’ ठसा आणि जुळणारा व्हीआयएन यांनी प्रश्न बराचसा सुटतो, कारण ते इंजिन १९६९ मध्ये दुसऱ्या कोणत्याही कॅमारोत बसत नव्हते. एसएसमध्ये मूळ इंजिन हरवले असेल आणि काउल टॅगवर एक्स खूण नसेल, तर कागदाशिवाय हाती काहीच उरत नाही.

११. गाडी चालवून पाहताना

विक्रेत्याला इंजिन आधी गरम करून ठेवू नये, असे सांगून ठेवा. थंड इंजिन सुरू करून धूर, आवाज आणि तेलाचा दाब पाहा. सॉलिड टॅपेटचा टिकटिक आवाज झेड/२८ आणि एल७८ मध्ये स्वाभाविक आहे. एल३५ आणि एल३४ मध्ये तो नसावा. चारही गिअर चढताना आणि उतरताना नीट पडतात का, ब्रेक एका बाजूला ओढतात का, गर्दीत इंजिन तापते का, हे पाहा. मायलेजच्या आकड्यावर विसंबू नका. मीटर एक लाख मैलांनंतर पुन्हा शून्यावर येतो.

१२. सौदा आणि त्यानंतरचे पहिले काम

विसार देण्यापूर्वी टायटलवरील व्हीआयएन गाडीवरील व्हीआयएनशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, विक्रेत्याचे नाव आणि टायटलवरील मालकाचे नाव एकच आहे का ते पाहा, आणि गाडीवर कर्जाचा बोजा किंवा ‘सॅल्व्हेज’ (विमा कंपनीने निकामी ठरवलेली गाडी) असा शेरा नाही ना, याची खात्री करा. ‘मूळ इंजिनाची एसएस ३९६’ किंवा ‘मूळची झेड/२८’ हे विक्रेत्याचे शब्द खरेदीखतावर इंजिनाच्या खुणांसह लिहून घ्या. लिहून द्यायला तो तयार नसेल, तर साध्या कॅमारोच्या भावाच्या वर जाऊ नका.

नाव बदलण्याचे काम मिशिगनमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात होते; इतर राज्यांत कार्यालयाचे नाव आणि ऐतिहासिक वाहनाच्या नंबरप्लेटचे नियम निराळे आहेत. विमा नेहमीच्या पद्धतीचा घेऊ नये, कारण त्यात जुन्या गाडीची घसारा धरून किंमत ठरते. कंपनीशी आधीच रक्कम ठरवून घेतलेला, जुन्या गाड्यांसाठीचा खास विमा घ्यावा आणि तो गाडी हलवण्याच्या दिवसापासून लागू असावा.

गाडी घरी आली, की सर्वांत आधी इंजिनाचे तेल बदला. या इंजिनांतील कॅमशाफ्ट आणि सपाट टॅपेट एकमेकांवर घासत चालतात आणि त्यांना जस्ताचे पुरेसे प्रमाण असलेले तेल लागते. आजच्या गाड्यांसाठीच्या साध्या तेलात ते कमी असते. त्यानंतर ब्रेकचे द्रव, रबरी नळ्या आणि टायरवरील उत्पादनाची तारीख तपासा. टायरची नक्षी नवी दिसत असली, तरी ते दहा वर्षांपेक्षा जुने असतील, तर वेगाने गाडी चालवण्याआधी ते बदलून घ्या.